घटक ४ : अथांगाला नावे देणारा अभ्यासक – आल्फ्रेड विल्यम अल्कॉक (१८५९–१९३३)

४.० उद्दिष्टे

प्रस्तुत घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस –
– आल्फ्रेड विल्यम अल्कॉक यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
– खोल समुद्रातील एका भक्षक माशाच्या शास्त्रीय नावाची घटना आणि त्यामागील भाषिक विचार स्पष्ट करता येईल.
– शास्त्रीय नाव आणि लोकनाव यांतील संबंध उदाहरणांसह विशद करता येईल.
– चरित्रनायकाच्या जीवनातील अप्रिय बाजू चरित्रकाराने कशी हाताळावी, याविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो,

चरित्र म्हटले की संत, राज्यकर्ते, समाजसुधारक आणि साहित्यिक यांच्या जीवनकथा आपल्या डोळ्यांसमोर येतात. प्रस्तुत घटकात आपण एका निसर्गअभ्यासकाचे चरित्र पाहणार आहोत. प्राणिशास्त्राच्या जगात आल्फ्रेड विल्यम अल्कॉक हे नाव सुपरिचित आहे. हिंदी महासागराच्या तळाशी वावरणाऱ्या असंख्य माशांना आणि खेकड्यांना त्यांनी दिलेली नावे आजही जगभर वापरली जातात. साहित्याच्या विद्यार्थ्याने त्यांचे चरित्र का वाचावे, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, नाव देणे ही मुळात भाषेची कृती आहे, आणि अल्कॉक यांचे आयुष्य या कृतीत खर्ची पडले.

छत्रपती संभाजीनगर येथील अभ्यासकेंद्रात बसून हा घटक वाचणाऱ्या विद्यार्थ्याला समुद्र दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. आपल्या परिचयाचे पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर, खाम नदी, फार तर शहरातील डॉ. सलीम अली सरोवर. तरीही समुद्र आपल्या घरात येतोच. आठवडी बाजारात पोत्यावर मांडलेला सुका बोंबील कोकणपट्टीच्या किनाऱ्यावरून घाट चढून आलेला असतो. त्या बोंबलाचा एक सगोत्र खोल समुद्रात राहतो आणि त्याला शास्त्रीय नाव अल्कॉक यांनी दिले, हे कळल्यावर आपले या चरित्रनायकाशी असलेले अंतर थोडे कमी होईल.

आणखी एका कारणाने हा विषय येथील वाचकाला जवळचा वाटावा. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर अशी नावे एकाच शहराने इतिहासाच्या ओघात धारण केली. ज्याला आज सलीम अली सरोवर म्हणतात, तो जुन्या लोकांचा खिज्री तलाव. नाव बदलले की एखाद्या वस्तूकडे पाहण्याची दृष्टी कशी बदलते, हे या शहराच्या रहिवाशाला निराळे सांगावे लागत नाही. शास्त्राच्या जगातही नावांना इतिहास असतो. मात्र तेथील नियम निराळे आहेत आणि ते आपण यथावकाश पाहू.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ मुंबईतील जन्म आणि भरकटलेले तारुण्य

अल्कॉक यांचा जन्म २३ जून १८५९ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील जहाजाचे कप्तान होते. पुढे हे कुटुंब इंग्लंडला परतले आणि आल्फ्रेड यांचे शालेय शिक्षण तेथील नामांकित शाळांत झाले. १८७६मध्ये वडिलांना मोठा आर्थिक फटका बसला. शिक्षण अर्धवट सोडून सतरा वर्षांच्या आल्फ्रेड यांना हिंदुस्थानात, मलबारातील वायनाड भागात, कॉफीचे मळे चालविणाऱ्या नातलगांकडे पाठविण्यात आले.

पुढची काही वर्षे ही एका हुशार तरुणाच्या भरकटण्याची कहाणी आहे. वायनाडमधील कॉफीच्या मळ्यांना उतरती कळा लागली. तेथून ते कलकत्त्याला एका दलाली पेढीत नोकरीस लागले. ती पेढी बंद पडली. त्यानंतर १८७८ ते १८८० या काळात त्यांनी पुरुलिया येथे आसामच्या चहामळ्यांसाठी मजूर भरती करण्याचे काम केले. पुढे दार्जिलिंग येथील मुलांच्या शाळेत ते साहाय्यक शिक्षक झाले.

विद्यार्थी मित्रांनो, येथे क्षणभर थांबा. चहामळ्यांची मजूरभरती हे त्या काळातील एक दुःखद प्रकरण होते. छोटा नागपूरच्या परिसरातील गरीब माणसे करारावर दूरच्या आसामात नेली जात आणि त्यांतील अनेकांना परतीची वाट उरत नसे. अल्कॉक या यंत्रणेचा एक लहानसा भाग होते. ते तेव्हा वयाने लहान होते, पोटासाठी मिळेल ते काम करीत होते, हे खरे आहे. त्याचबरोबर ज्या माणसांची ते भरती करीत होते, त्यांच्यापुढे याहून कितीतरी कमी पर्याय होते, हेही खरे आहे. चरित्रकाराने या दोहोंपैकी कोणतीही गोष्ट झाकू नये. चरित्रनायकाचा गौरव करण्याच्या भरात त्याच्या जीवनातील असे टप्पे एका वाक्यात उरकण्याचा मोह होतो. तो टाळणे हे चांगल्या चरित्राचे लक्षण होय.

पुरुलियाच्या वास्तव्यात अल्कॉक यांना शास्त्रीय विषयांच्या वाचनाची गोडी लागली. शाळेने अर्धवट सोडलेले काम एकांताने आणि पुस्तकांनी पुढे नेले. १८८१मध्ये ते स्कॉटलंडमधील ॲबरडीन विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी दाखल झाले. तेथे त्यांनी वैद्यकाबरोबर निसर्गविज्ञानाचाही अभ्यास केला. १८८५मध्ये पदवी मिळवून ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये रुजू झाले आणि वायव्य सरहद्दीवरील पलटणींत त्यांची नेमणूक झाली. वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्यांना अखेर एक ठरावीक वाट सापडली होती. त्या वाटेने त्यांना समुद्राकडे न्यावयाचे होते.

४.२.२ ‘इन्व्हेस्टिगेटर’वरील चार वर्षे

हिंदुस्थानच्या किनाऱ्यांचे व समुद्रांचे मोजमाप करण्यासाठी १८७४मध्ये सरकारने सागरी सर्वेक्षण खाते सुरू केले होते. या खात्याचे ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे जहाज मुंबईच्या गोदीत बांधलेले, वाफेवर चालणारे आणि दोन्ही बाजूंना वल्हेचक्रे असलेले लाकडी जहाज होते. सुरक्षित जलवाहतुकीसाठी नकाशे तयार करणे हे त्याचे मुख्य काम. मात्र या जहाजावर एका वैद्याची नेमणूक होत असे आणि त्याने खलाशांच्या प्रकृतीची काळजी घेण्याबरोबर समुद्रातील जीवांचा अभ्यासही करावा, अशी अपेक्षा असे. १८८८मध्ये हे पद अल्कॉक यांच्याकडे आले आणि १८९२पर्यंत ते त्यांनी सांभाळले.

खोल समुद्राचे काम कसे चाले, हे समजून घेणे आवश्यक आहे. आपल्या भाषेत खोली मोजण्यासाठी ‘वाव’ हा शब्द आहे. दोन्ही हात पसरले असता एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे एक वाव. इंग्रज खलाशांचे मापही याच कल्पनेवर आधारलेले होते. सहा फूट, म्हणजे सुमारे १.८३ मीटर, हे ते माप. ‘इन्व्हेस्टिगेटर’वरून शेकडो वाव लांबीचा पोलादी दोर समुद्रात सोडला जाई. त्याच्या टोकाला तळ खरवडणारे जाळे असे. ते तळाशी पोहोचायला, तळावरून ओढायला आणि पुन्हा वर खेचायला कित्येक तास लागत. एवढे करून जाळे कधी फाटके वर येई, तर कधी त्यात नुसता चिखल असे.

ज्या वेळी जाळे भरून येई, त्या वेळी दिसणारे दृश्य विलक्षण असे. समुद्रात प्रत्येक १० मीटर खोलीमागे पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढत जातो. या दाबाला सरावलेले मासे वर येईपर्यंत त्यांच्या शरीरातील वायू फुगत असे आणि त्यांतील अनेकांचे डोळे व आतडी बाहेर आलेली असत. सुमारे २०० मीटरखाली सूर्यप्रकाश अतिशय क्षीण होतो आणि १००० मीटरपलीकडे तो पोहोचतच नाही. त्या अंधारात राहणारे जीव बहुधा काळे, तांबडे किंवा रंगहीन असतात. वर आल्यावर त्यांचे रंग लवकर फिके पडत. म्हणून डेकवर उभे राहून, हात ओले असतानाच, टिपणे करावी लागत. त्यानंतर तो जीव मद्यार्काच्या बरणीत जाई.

सर्वेक्षणाचा हंगाम साधारणपणे पावसाळा संपल्यावर सुरू होई आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी आटोपे. बंगालचा उपसागर, अंदमान समुद्र, अरबी समुद्र आणि लक्षद्वीप बेटांचा परिसर ही अल्कॉक यांची कर्मभूमी होती. किनाऱ्यावर उतरले की त्यांची नजर तेथील जीवांकडे वळे. गोदावरी आणि कृष्णा यांच्या मुखप्रदेशातील चिखलाळ किनाऱ्यांवर एक नांगी मोठी व रंगीत असलेल्या लहान खेकड्यांच्या झुंजी आणि त्यांचे प्रणयाराधन त्यांनी बारकाईने पाहिले आणि १८९२मध्ये त्यावर लेख लिहिला. नाशिकहून निघून पैठणच्या घाटांना स्पर्श करणारी आपली गोदावरी ज्या ठिकाणी समुद्राला मिळते, त्या ठिकाणचे हे निरीक्षण मराठवाड्यातील वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावे.

४.२.३ संपूर्ण काळा, दात बाहेर आलेला

आता आपण या घटकाच्या मध्यवर्ती उदाहरणाकडे येऊ. १८९१–९२ च्या हंगामात मिळालेल्या खोल समुद्रातील माशांची माहिती अल्कॉक यांनी १८९२मध्ये ‘ॲनल्स अँड मॅगझिन ऑफ नॅचरल हिस्टरी’ या लंडनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यात त्यांनी एका भक्षक माशाला ‘कॉलिओडस पम्मेलस’ असे नाव दिले. ही जात आपल्या अरबी समुद्रातही आढळते.

हा मासा सापासारखा लांबट असतो. त्याच्या गणातील जाती आकाराने फार मोठ्या नसतात. सर्वसाधारणपणे त्या वीतभर ते हातभर लांबीच्या आत राहतात. मात्र त्यांचे तोंड पाहिले की आकाराचा विचार मागे पडतो. खालच्या जबड्यातील सुळे इतके लांब असतात की तोंड मिटले तरी ते आत मावत नाहीत. ते वरच्या जबड्याच्या बाहेरून डोळ्यांच्या दिशेने वर जातात. भक्ष्य गिळताना डोके मागे झुकते आणि जबडा कमालीचा उघडतो. त्यामुळे तोंडाच्या मानाने बरेच मोठे भक्ष्यही त्याला गिळता येते. पाठीवरील पहिल्या पराचा पहिला काटा लांब दोऱ्यासारखा असतो आणि त्याच्या टोकाशी प्रकाश देणारे इंद्रिय असते. पोटाच्या बाजूने प्रकाशेंद्रियांच्या रांगा असतात. त्या मंद उजेडामुळे खालून पाहणाऱ्याला माशाची सावली स्पष्ट दिसत नाही. जेथे अन्न दुर्मीळ असते, तेथे एकदा तावडीत आलेला जीव सुटता कामा नये, अशी ही सगळी रचना आहे.

अशा प्राण्याला नाव देताना अल्कॉक यांनी काय केले? ‘कॉलिओडस’ हे गणाचे नाव त्यांच्या आधी, १८०१मध्ये, ब्लॉख आणि श्नायडर यांच्या ग्रंथात आलेले होते. ग्रीक भाषेतील ‘बाहेर आलेला’ आणि ‘दात’ या अर्थांच्या दोन शब्दांपासून ते बनले आहे. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे तर तो बहुव्रीही समास आहे : ज्याचे दात बाहेर आलेले आहेत असा तो. अल्कॉक यांनी त्याला ‘पम्मेलस’ हे विशेषण जोडले. यातील पहिला घटक ग्रीक ‘पान’, म्हणजे सर्व, आणि दुसरा ‘मेलास’, म्हणजे काळा. त्वचेतील काळसर रंगद्रव्याला आपण मेलॅनिन म्हणतो, त्याचेही मूळ हेच. म्हणजे ‘कॉलिओडस पम्मेलस’ याचा अर्थ होतो : दात बाहेर आलेला, सर्वांगी काळा. दोन शब्दांत त्या जीवाचे रूप आले. विशेष्य आधी आणि विशेषण नंतर, हा क्रम मात्र मराठीच्या उलट आहे, हे ध्यानात घ्या.

या नावात भाषेच्या अभ्यासकाला आणखी एक गोष्ट सापडेल. दातासाठीचा ग्रीक शब्द ‘ओडस’, त्याचे मूळ रूप ‘ओडोन्ट’, आणि संस्कृतमधील ‘दन्त’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. मराठीतील ‘दात’ हा त्या ‘दन्त’चाच तद्भव होय. अंधाऱ्या समुद्रातील एका माशाचे ग्रीक नाव आणि आपल्या घरातील दाताचा मराठी शब्द हे दूरचे भाऊबंद निघावेत, यात योगायोगाचा भाग नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते १७८६मध्ये सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात मांडले होते. त्यांनीच १७८४मध्ये स्थापन केलेल्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहातून पुढे कलकत्त्याचे इंडियन म्युझियम उभे राहिले आणि अल्कॉक यांनी आपले मासे नेऊन ठेवले ते याच संग्रहालयात.

४.२.४ बोंबील, कंस आणि नावाचे नियम

शास्त्रीय नावाची ही पद्धत अठराव्या शतकात कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने रूढ केली. पहिला शब्द गणाचा, दुसरा जातीचा. नावापुढे ते प्रथम देणाऱ्याचे आडनाव आणि वर्ष लिहिण्याचा प्रघात आहे. ‘कॉलिओडस पम्मेलस अल्कॉक, १८९२’ असे पूर्ण नाव त्यावरून तयार होते.

आता आपल्या बोंबलाकडे वळू. त्याचे शास्त्रीय नाव ‘हार्पाडोन नेहेरिअस (हॅमिल्टन, १८२२)’. येथे आडनाव कंसात का, असा प्रश्न आपणांस पडला पाहिजे. फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरील आपल्या ग्रंथात हा मासा ‘ऑस्मेरस’ या दुसऱ्याच गणात घातला होता. पुढे त्याचा गण बदलला. जातीचे नाव टिकले, पण घर बदलले, हे त्या कंसावरून कळते. एका साध्या विरामचिन्हाने एवढा इतिहास सांगावा, हे भाषेच्या विद्यार्थ्याला मोलाचे वाटेल. ‘नेहेरिअस’ हा शब्द गंगेच्या मुखाकडील लोकनावावरून घेतलेला आहे. तेथील मासेमाराच्या तोंडचा शब्द लॅटिन वेश घालून जगभर गेला. बोंबील दिसायला लिबलिबीत असला तरी तो भक्षक आहे. त्याचे दात आकडीसारखे आत वळलेले असतात आणि ‘हार्पाडोन’ हे नावही त्या दातांवरूनच आले आहे.

१८९१मध्ये अल्कॉक यांनी याच गणातील एका खोल पाण्यातील जातीचे वर्णन केले आणि तिला ‘स्क्वॅमोसस’, म्हणजे खवल्यांनी युक्त, असे विशेषण दिले. किनाऱ्यालगतच्या बोंबलाच्या शरीराचा पुढचा भाग जवळजवळ खवलेविरहित असतो, हे लक्षात घेतले तर या विशेषणाची नेमकेपणाने झालेली निवड कळून येते. काही वेळा त्यांनी सहकाऱ्यांच्या स्मरणार्थही नावे दिली. ‘बॅथिक्लुपिआ हॉस्किनाय’ या माशाचे नाव सागरी सर्वेक्षणातील कमांडर हॉस्किन यांच्यावरून आहे, आणि त्यातील ‘बॅथि’ म्हणजे खोल.

शास्त्रीय नावांच्या नियमांत अग्रक्रमाचे तत्त्व महत्त्वाचे असते. एकाच जातीला दोघांनी निरनिराळी नावे दिली असतील, तर नियमाप्रमाणे प्रसिद्ध झालेले सर्वांत जुने नाव सामान्यतः ग्राह्य धरले जाते. शहरांची नावे समाजाच्या इच्छेने आणि राज्याच्या निर्णयाने बदलतात. माशाचे नाव बदलायचे तर जुना छापील पुरावा दाखवावा लागतो. दोन्ही प्रकारांत नाव ही स्मृती असते. ती कोणाची, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे उरतो.

४.२.५ संग्रहालयातील वर्षे आणि चित्रकारांचे हात

१८९३मध्ये इंडियन म्युझियमचे अधीक्षक जेम्स वुड-मेसन यांचे निधन झाले आणि त्यांच्या जागी अल्कॉक यांची नेमणूक झाली. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते प्राणिशास्त्रही शिकवीत. १८९५मध्ये पामीर सीमा आयोगाबरोबर निसर्गअभ्यासक म्हणून ते मध्य आशियाच्या पठारावर गेले. समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या जीवांचा हा अभ्यासक जगाच्या छपरावरही चढून आला.

या काळात त्यांचे महत्त्वाचे ग्रंथ सिद्ध झाले. भारतीय खेकड्यांवरील त्यांची लेखमाला आजही आधारभूत मानली जाते. १८९९मध्ये इंडियन म्युझियममधील खोल समुद्रातील माशांची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध झाली. १९०२मध्ये ‘अ नॅचरलिस्ट इन इंडियन सीज’ हा सामान्य वाचकांसाठीचा ग्रंथ आला. त्यात ‘इन्व्हेस्टिगेटर’वरील चार वर्षांचा वृत्तान्त आहे. १९०१मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

१८९२पासून ‘इन्व्हेस्टिगेटर’वरून मिळालेल्या प्राण्यांची चित्रे मोठ्या आकाराच्या भागांत प्रसिद्ध होऊ लागली. विद्यार्थी मित्रांनो, या चित्रांच्या तळाशी बारीक अक्षरांत ए. सी. चौधरी आणि एस. सी. मंडल ही दोन बंगाली नावे आढळतात. ज्या काळात छायाचित्रणाची साधने अपुरी होती, त्या काळात मद्यार्कात रंग हरवलेल्या, दाबाने वेडावाकडा झालेल्या माशाचा प्रत्येक काटा, प्रत्येक खवला आणि प्रत्येक दात मोजून कागदावर उतरविणे हे असामान्य कौशल्य होते. वर्णन वाचून ज्याचा उलगडा होत नाही, तो चित्र पाहून होतो. म्हणजे अल्कॉक यांच्या शब्दांना रूप या चित्रकारांनी दिले. त्यांची नावे निदान चित्राखाली उरली. जाळे ओढणाऱ्या, तासन् तास दोर सांभाळणाऱ्या हिंदी खलाशांची नावे कोणत्याही माशाला मिळाली नाहीत. अल्कॉक यांचे श्रेय कमी करण्यासाठी हे सांगितलेले नाही. एका नावामागे किती हात असतात, हे कळावे म्हणून सांगितले आहे.

१९०६मध्ये अल्कॉक यांनी संग्रहालयाचे पद सोडले आणि ते इंग्लंडला परतले. त्यांच्यामागून नेल्सन ॲनंडेल यांच्याकडे हे काम आले. संग्रहालयाच्या प्राणिविभागातूनच १९१६मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था स्थापन झाली. अल्कॉक यांनी जमविलेल्या अनेक मूळ नमुन्यांचा सांभाळ आज कोलकात्यात हीच संस्था करते.

४.२.६ उत्तरायुष्य

इंग्लंडमध्ये अल्कॉक यांनी सर पॅट्रिक मॅन्सन यांनी स्थापन केलेल्या लंडनच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात अध्यापन केले. रोग पसरविणारे डास, माश्या आणि इतर कीटक हा आता त्यांचा विषय झाला. १९११मध्ये वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी त्यांनी कीटकशास्त्रावरील ग्रंथ लिहिला. १९१९मध्ये लंडन विद्यापीठात वैद्यकीय प्राणिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. २४ मार्च १९३३ रोजी केंट परगण्यातील बेल्व्हेडिअर येथे त्यांचे निधन झाले.

ज्या मुंबईत ते जन्मले, तिच्या गोदीत बांधलेल्या जहाजाने त्यांना कीर्ती मिळवून दिली. पुढे अनेक शास्त्रज्ञांनी सागरी जातींना ‘अल्कॉकी’ असे विशेषण देऊन त्यांचा सन्मान केला. इतरांना नावे देणारा माणूस शेवटी स्वतः एक विशेषण झाला.

४.३ सारांश

आल्फ्रेड विल्यम अल्कॉक यांच्या आयुष्याचा पूर्वार्ध अपयशांनी व्यापलेला होता. बंद पडलेले मळे, बुडालेली पेढी आणि मजूरभरतीसारखे काम यांतून वाट काढीत ते वैद्य झाले आणि वैद्य म्हणून समुद्रावर गेले. ‘इन्व्हेस्टिगेटर’वरील चार वर्षांत त्यांनी जे गोळा केले, त्याला नावे देण्यात पुढील अनेक वर्षे गेली. ‘कॉलिओडस पम्मेलस’ या एका नावात निरीक्षण, ग्रीक शब्दांची निवड आणि लिनियसची पद्धत एकत्र आली आहे. त्या नावापुढे एकच आडनाव आहे, तरी ते शक्य झाले खलाशांच्या आणि चित्रकारांच्या श्रमांमुळे. चरित्र लिहिणाऱ्याने मुख्य व्यक्तीकडे पाहताना तिच्या सावलीत उभ्या असलेल्या माणसांकडेही पाहावे, ही शिकवण या जीवनकथेतून मिळते.

पुढच्या वेळी बाजारात सुका बोंबील दिसेल, तेव्हा त्याचे आत वळलेले दात जरूर न्याहाळा. कोळणीने दिलेले नाव आणि शास्त्राने दिलेले नाव ही दोन्ही त्या एकाच माशाची आहेत, आणि दोन्ही नावे ज्यांनी त्याला नीट पाहिले त्यांनीच दिली आहेत.

४.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. अल्कॉक यांचा जन्म कोठे व केव्हा झाला?
२. ‘वाव’ या मापाची मूळ कल्पना कोणती?
३. ‘पम्मेलस’ या विशेषणाचा अर्थ काय?

ब) थोडक्यात उत्तरे लिहा.
१. बोंबलाच्या शास्त्रीय नावातील कंसाचे प्रयोजन स्पष्ट करा.
२. ‘ओडोन्ट’, ‘दन्त’ आणि ‘दात’ यांचा परस्परसंबंध सांगा.
३. ‘कॉलिओडस’ हे नाव बहुव्रीही समासाच्या जवळचे का मानता येते?

क) सविस्तर उत्तर लिहा.
१. चरित्रनायकाच्या आयुष्यातील अप्रिय टप्प्यांची मांडणी चरित्रकाराने कशी करावी? अल्कॉक यांच्या पुरुलियातील कामाच्या आधारे चर्चा करा.

ड) उपक्रम
आपल्या परिसरातील पाच मासे, पक्षी किंवा वनस्पती निवडा. त्यांची लोकनावे वयस्क व्यक्तींना विचारून नोंदवा, शास्त्रीय नावे शोधा आणि दोन्ही नावे त्या जीवाच्या कोणत्या गुणावर बोट ठेवतात, याची तुलना करा.